गाण्यातल्या माणसांचे कपडे

२०२५ च्या चतुर्थीच्या सुट्टीत आपल्या मंडळातल्या कुटुंबांतली नऊ मुले एका कामाला लागली. त्यांनी स्वतः लिहिलेले आणि स्वतःच चाल लावलेले चार मिनिटांचे एक गाणे होते. त्याचा व्हिडिओ मुळगावातच तयार करून कॉलेजच्या स्पर्धेला पाठवायचा होता. कॅमेरा म्हणजे दोन मोबाईल. गाण्यासाठी आम्हा वडीलधाऱ्यांची काही गरज नव्हती. गरज पडली ती कपड्यांसाठी, कारण कपाटे आमच्याकडे होती.

गाण्याची गोष्ट साधी आहे. नोकरीसाठी गाव सोडणारी मुलगी, तिची आजी, खाणीवर ट्रक चालवलेले तिचे बाबा, धाकटा भाऊ आणि रोज सकाळी दारात येणारा पोदेर. मुलांनी भाड्याने आणायच्या कपड्यांची यादी करून आणली होती. आजीला नऊवारी आणि नथ. बाबांना धोतर आणि मुंडासे. घरात काम करणारी एक विनोदी बाई, तिला कुणबी कापड. पोदेराला जुन्या पद्धतीची कबाय. आणि गाण्याच्या सुरुवातीलाच शिरगावच्या जत्रेतल्या धोंडाच्या वेशात धावणारा एक मुलगा. यादी वाचून आमच्यातल्या काहींना हसू आले. एका वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हते. दोन्हींची कारणे पुढे येतीलच.

त्या यादीतले जवळजवळ सगळे बदलले. का बदलले आणि कसे ठरवले, ते येथे मांडत आहोत. आपल्या घरांतली मुले आता दरवर्षी काही ना काही चित्रित करतात. शाळेचे स्नेहसंमेलन असो, शिगम्याचे पथक असो की मोबाईलवरचे गाणे, कपड्यांचा प्रश्न येतोच आणि बहुतेक वेळा तो आदल्या रात्री सुटतो.

आधी माणूस, मग कपडा

मुलांनी यादी दुकानापासून सुरू केली होती. भाड्याच्या दुकानात जे टांगलेले असते त्यातून पात्रे बनवायची, असा तो क्रम. आम्ही क्रम उलटा केला आणि प्रत्येक पात्राबद्दल पाच प्रश्न विचारले. हे माणूस किती वर्षांचे? काम काय करते? हे दृश्य कोणत्या साली आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घडते? अंगावरचा कपडा कुणाच्या पैशाने आणि कधी घेतला? आणि हे माणूस आता कुठे निघाले आहे, की घरातच आहे?

आजीपासून सुरुवात केली. गाण्यातली आजी आज सत्तर वर्षांची. म्हणजे तिचा जन्म १९५५ च्या आसपासचा. गोवा १९६१ साली मुक्त झाला तेव्हा ती शाळेत जायच्या वयाची होती. लग्न झाले असेल १९७५ च्या सुमारास. त्या वयाच्या आमच्याच बहिणी आणि वहिनी बैठकीत समोर बसल्या होत्या आणि त्यांच्यातली एकही नऊवारी नेसत नाही. लग्नातही त्या गोल साडीच नेसल्या होत्या. नऊवारी नेसत होती ती त्यांची आई. म्हणजे मुलांना हवी असलेली नऊवारी आजीची नसून पणजीची होती. आजची सत्तरीची आजी सकाळी घरात मॅक्सीवर असते, खांद्यावर टॉवेल टाकते आणि दारात कोणी आले की तोच टॉवेल पुढे ओढून घेते. संध्याकाळी देवळात जाताना साडी नेसते. मुले थोडी हिरमुसली. "पण मॅक्सीत आजी आजी वाटणार नाही," असे एक जण म्हणाला. त्यावर आमच्यातल्या एकीने त्याला विचारले, "तुझी आजी तुला कोण वाटते रे?"

बाबांचेही तसेच. ट्रक चालवणारा माणूस धोतर-मुंडाशात कधी होता? जुनी पॅन्ट, बाह्या दुमडलेला शर्ट, मानेभोवती टॉवेल, पायांत स्लिपर. आणि या सगळ्यावर खनिजाची लाल धूळ. ज्यांच्या घरांतले पुरुष खाणीवर होते त्या बायकांना ठाऊक आहे की ते कपडे वेगळे भिजवावे लागत आणि कितीही धुतले तरी पांढरी बनियन पुन्हा पांढरी होत नसे. हीच बनियन पात्राचा खरा पोशाख आहे. ती दुकानात भाड्याने मिळत नाही.

कपड्यांवरून माणसाचे आयुष्य कसे सांगता येते याचे मोठे उदाहरण हवे असेल तर गांधीजींचे घ्या. दक्षिण आफ्रिकेत सूट आणि टाय घालणारा बॅरिस्टर, १९१५ साली काठियावाडी वेशात भारतात उतरलेला माणूस आणि २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत फक्त पंचा नेसण्याचा निर्णय घेतलेला नेता. त्यांच्यावरच्या १९८२ सालच्या 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना जॉन मोलो यांच्यासह १९८३ साली ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे 'लगान'मधल्या गावकऱ्यांचे कपडेही त्यांनीच ठरवले. त्या चित्रपटात एक अख्खा गाव दिसतो, पण कुणीही नुकतेच दुकानातून आल्यासारखे वाटत नाही. आपल्या मुलांचे काम लहान असले तरी प्रश्न तेच आहेत.

साल ठरवल्याशिवाय कपाट उघडू नये

गाण्यात तीन काळ येतात. आजीचे तरुणपण, बाबांची ट्रकवरची वर्षे आणि आजचा दिवस. प्रत्येक काळाला आम्ही साल लावले. आजीसाठी १९७५. बाबांसाठी २०१०, कारण ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी थांबल्या. पुढे काही काळ त्या चालू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक भरभरून धावत होते तो काळ दाखवायचा तर २०१२ च्या आधीचेच साल धरावे लागते. साल कागदावर आले की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. २०१० मधल्या बाबांच्या खिशात बटणांचा मोबाईल असेल, हातात मोठ्या काचेचा नसेल.

जुन्या काळासाठी घरातले अल्बम हा उत्तम आधार आहे. पण तो वापरताना एक सावधगिरी हवी. पूर्वी फोटो काढला जाई तो लग्नात, मुंजीत, बारशाला किंवा म्हापशाच्या स्टुडिओत जाऊन. म्हणजे फोटोत दिसतो तो ठेवणीतला कपडा. रोजच्या कपड्यात फोटो काढून घ्यायला कुणीही तयार नसे. म्हणून मुलांना आम्ही सांगितले की फोटोच्या मध्यभागी पाहू नका, कडांकडे पाहा. पंगतीत वाढणारी बाई, मागे खांबाला टेकून उभा असलेला माणूस, दारातून डोकावणारी मुले. त्यांच्या अंगावर रोजचे कपडे असतात. एका घरच्या लग्नाच्या अल्बममधून आम्हाला १९७५ च्या आसपासच्या रोजच्या साडीची नेसण, पदर खोचण्याची पद्धत आणि ब्लाउजच्या बाहीची लांबी अशी तिन्ही माहिती मिळाली. ती तिघी वाढपी बायकांकडून मिळाली, नवरीकडून नव्हे.

केसांतल्या फुलांनाही ऋतू असतो. मुलांना मोगऱ्याचा गजरा हवा होता, पण चतुर्थीच्या दिवसांत मोगरा कुठला? तो उन्हाळ्यातला. शेतात भात हिरवेगार उभे असताना केसांत भरघोस मोगरा दिसला तर गावचा माणूस लगेच म्हणेल की हे बाहेरून आणलेले आहे. आम्ही अबोलीची फाती सुचवली. ती एका घरच्या परसातच मिळाली.

आपल्याकडचा कपडा आणि 'गोव्याचा' कपडा

आता त्या वहिनींकडे वळू, ज्यांना हसू आले नव्हते. यादीतल्या कुणबी कापडाचा तो प्रश्न होता आणि त्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

पर्यटनाच्या जाहिरातींमुळे 'गोव्याचा पोशाख' म्हणून एकच चित्र सगळीकडे पोचले आहे. पण गोव्याचे पोशाख अनेक आहेत, कारण गोव्याचे इतिहासही एकाहून जास्त आहेत. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीत पोर्तुगीज सत्ता सोळाव्या शतकापासून होती. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी आली आणि तीत पुरुषांचे पुडवे व बायकांची चोळीही होती. काय नेसावे हे एके काळी येथे सरकारी हुकमाने ठरत होते, हे आजच्या मुलांना खरेही वाटत नाही. आपली डिचोली, तसेच सत्तरी आणि पेडणे हे तालुके पोर्तुगिजांकडे गेले ते १७८० च्या दशकात. तोवर त्या फर्मानाचा काळ मागे पडला होता. त्यामुळे या नव्या काबिजादीत धोतर, पंचा, नऊवारी आणि चोळी खंड न पडता चालत राहिली. आपल्या भागातला जुना कपडा सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या कपड्याच्या जवळचा दिसतो, त्याचे एक कारण हे आहे.

कुणबी कापड हा या सगळ्यातला वेगळा आणि फार जुना धागा. लाल रंगाचे, चौकटीचे, जाड हातमागाचे हे वस्त्र आखूड नेसतात आणि खांद्यावर त्याची गाठ मारतात. चिखलात उभे राहून रोप लावणाऱ्या बाईला ओचा सांभाळायला हात मोकळा नसतो, म्हणून ते तसे आहे. कष्टाच्या सोयीसाठी घडलेला तो कपडा आहे. जवळजवळ विस्मरणात गेलेले हे कापड वेंडेल रॉड्रिक्स या गोमंतकीय वेशरचनाकाराने पुन्हा लोकांपुढे आणले. बार्देशातल्या कोलवाळ गावी ते राहत असत. गोव्याच्या पोशाखांच्या इतिहासावरचे त्यांचे 'मोडा गोवा' हे पुस्तक २०१२ साली आले, २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले. आता तेच कापड मोठ्या शहरांतल्या दुकानांत मानाने विकले जाते.

आणि आपल्या मुलांनी ते दिले होते कुणाला? दोनदा घसरून पडणाऱ्या, सगळ्यांनी हसायच्या, नाव नसलेल्या कामवालीला. मुलांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांनी शाळेच्या नाट्यप्रवेशांत तसेच पाहिले होते आणि तेच उचलले. त्या वहिनी एवढेच म्हणाल्या, "माझी आई हेच नेसून शेतात जायची. तिला कुणी हसलेले मी पाहिले नाही." नंतर कुणी काही बोलले नाही. ज्या मुलीने ते पात्र लिहिले होते तिने स्वतःच त्यावर रेघ मारली.

पात्र काढून टाकल्याने गाण्याचे काही बिघडले नाही. पण एवढ्यावर थांबू नये असे आम्हाला वाटले. १९७५ च्या दृश्यात तरुण आजी शेतात रोप लावताना दिसते. तिच्या शेजारी लावणी करणारी एक बाई असावी आणि तिच्या अंगावर ते कापड असावे, असे त्या वहिनींना विचारले. त्यांनी विचार करून होकार दिला, नेसण स्वतः दाखवली आणि गाठ कोणत्या खांद्यावर येते तेही समजावले. यातून आम्ही एक नियम घेतला. ज्या समाजाचा पोशाख आहे त्याच्यातल्या माणसाला आधी विचारावे, आणि तो घालणाऱ्या पात्राला काही काम व मान आहे का ते पाहावे. केवळ हसू यावे म्हणून कुणाच्याही आईचा कपडा वापरू नये.

सोंग आणि व्रत

यादीतला सर्वांत अवघड विषय धोंडाचा होता आणि त्यावर आमच्यातही दोन तट पडले.

आपल्या भागाला सोंगे नवी नाहीत. पेडण्याचा दशावतार घ्या. काळा झगा, चेहरा झाकणारा काळा मुखवटा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ दिसली की पोरेसोरेही ओळखतात, संकासुर आला. दशावतारी नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, पुरुषच साडी नेसून राणी होतो आणि पहाटे रंग पुसून घरी जातो. डिचोली-सत्तरीच्या शिगम्यातली घोडेमोडणी घ्या. कमरेला लाकडी तोंडाचा घोडा बांधायचा, डोक्याला फेटा, हातात तलवार. तेही सोंगच. मुलांचे म्हणणे असे की हे सगळे चालते तर धोंड का नाही? जत्रेत हजारो लोक मोबाईलवर चित्रण करतात, मग एका मुलाने तसा वेश घेतला तर काय बिघडले?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे होते. संकासुराचा झगा अंगावर चढवला की माणूस संकासुर होतो आणि उतरवला की संपते. धोंडाचे तसे नाही. आपल्या श्री केळबाईची बहीण मानलेल्या शिरगावच्या श्री लईराईचा धोंड जत्रेआधी व्रत पाळतो, सोवळे पाळतो, वेगळे जेवतो, स्नान करून वेत हाती घेतो आणि मग पहाटे अग्नीतून जातो. तेथे कपडा शेवटी येतो, आधी व्रत येते. व्रताशिवाय तो वेश घेतला तर उरते ते फक्त धोतर आणि काठी. शिवाय ३ मे २०२५ ची पहाट अजून ताजी होती. त्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली आणि आसपासच्या गावांत कितीतरी घरे हादरली. चार महिन्यांत त्याच वाटेवर एक मुलगा त्या वेशात धावताना दाखवायचा, तोही गाण्याच्या तालावर, हे काहींना सोसवेना.

आमच्यात मत घेतले असते तर निकाल कोणत्याही बाजूने लागला असता. म्हणून मत घेतले नाही. मुलांपैकी एकाच्या घरी वडील अनेक वर्षे धोंड आहेत. मुलांना त्यांच्याकडे पाठवले. ते रागावले नाहीत. त्यांनी मुलांना बसवून घेतले, व्रताचे दिवस कसे जातात ते सांगितले आणि विचारले की तुम्हाला हा धोंड गाण्यात कशासाठी हवा आहे? मुले म्हणाली, ही मुलगी कुठल्या गावची ते पहिल्याच क्षणी कळावे म्हणून. त्यावर ते म्हणाले की मग माणूस धावायला कशाला हवा, घर दाखवा.

शेवटी चित्रण झाले ते असे. पावसाळी सकाळ, ओसरीवर बांधलेली दोरी, तिच्यावर वाळत घातलेले एक पांढरे धोतर आणि त्याच्या खालून वाकून बॅग घेऊन बाहेर पडणारी मुलगी. कुणाच्याही अंगावर काही चढवले नाही. ज्याला कळायचे त्याला कळते, ज्याला कळत नाही त्याला ते नुसते धोतर दिसते आणि त्यात कुणाचाही अवमान होत नाही. आमच्यातले एक-दोघे अजूनही म्हणतात की धोंड दाखवला असता तरी चालले असते. ते मतही येथे नोंदवून ठेवतो.

हातातली वस्तू

पोदेराची कबाय आम्ही रद्द केली ती मात्र भांडण न होता. कबाय म्हणजे गुडघ्यापर्यंतचा झगा, जुन्या काळचे पोदेर घालत असत. आजचा पोदेर साध्या पॅन्ट-शर्टवर सायकल किंवा स्कूटरवरून येतो. त्याला आपण कपड्यांवरून ओळखतच नाही. मागची टोपली, तिच्यावरचे प्लास्टिक आणि पों-पों हॉर्न यांवरून ओळखतो. काही पात्रांचा खरा पोशाख हातातल्या वस्तूत असतो. अशा ठिकाणी कपडा जितका साधा तितके बरे आणि भाड्याचे पैसेही वाचतात.

कॅमेऱ्याला काय दिसते

रंगमंचावरचा कपडा लांबून, रात्रीच्या उजेडात दिसायचा असतो. म्हणून तेथे जर, भडक रंग आणि मोठा काठ चालतो. मोबाईलचा कॅमेरा हातभर अंतरावर येतो. त्याला शर्टावरच्या भाड्याच्या दुकानाचा शिक्कासुद्धा दिसतो. पहिल्या दिवसाच्या चाचणीत आम्हाला जे आढळले ते असे:

- बारीक रेघांचा किंवा अगदी बारीक चौकटींचा कपडा पडद्यावर थरथरल्यासारखा दिसतो. मोठ्या चौकटींना तो त्रास नाही.
- कडक उन्हात पांढराशुभ्र कपडा नुसता उजळ डाग होतो, घड्या दिसत नाहीत. किंचित मळकट पांढरा किंवा बदामी रंग पांढराच वाटतो आणि नीट दिसतो.
- काळ्या कपड्यात बारकावे हरवतात. काळ्याऐवजी गडद निळा किंवा गडद तपकिरी घ्यावा.
- भाताच्या शेतापुढे हिरवा कपडा नाहीसा होतो. लाल मातीच्या वाटेवर विटकरी रंगाचे तसेच. म्हणून आधी जागा पाहावी आणि मग रंग ठरवावा. आमच्या मुलीला शेतासाठी पिवळा कुर्ता दिला.
- छातीवर मोठे इंग्रजी अक्षर किंवा कंपनीचे नाव असलेला टी-शर्ट टाळावा. पाहणाऱ्याचे लक्ष चेहऱ्याकडे न जाता वाचण्याकडे जाते.
- कोरा कपडा कोराच दिसतो. नवा असेल तर तीन-चार वेळा धुवावा, एकदा चहाच्या कोमट पाण्यात बुडवावा आणि इस्त्री करू नये. कोपरे आणि खिशाच्या कडा तेवढ्या हाताने चुरगळाव्यात.

बाबांच्या बनियनवरच्या लाल डागांसाठी मुले रंग आणायला निघाली होती. त्यांना थांबवले. रंग उतरत नाही आणि खोटाही दिसतो. अंगणातली लाल माती पाण्यात कालवली आणि ब्रशने शिंपडली. दोन ठिकाणी जास्त लावली, मानेवर आणि पाठीवर, कारण ट्रकच्या सीटला टेकून बसणाऱ्याचे कपडे तेथेच मळतात. हे आम्हाला एका निवृत्त चालकाने सांगितले.

नोंदवही

गाणे चार मिनिटांचे असले तरी चित्रण तीन दिवस चालते, आणि तेही क्रमाने नाही. शेवटचे दृश्य पहिल्या दिवशी होऊ शकते. म्हणून एका मोठ्या कागदावर तक्ता करावा. डाव्या बाजूला पात्रांची नावे, वर दृश्यांचे क्रमांक आणि प्रत्येक चौकटीत कपडा, दागिना, पायांतले आणि केसांतले. आमच्याकडे पाच पात्रांचे मिळून अकरा पोशाख निघाले. प्रत्येक पोशाख घातल्यावर समोरून आणि मागून असे दोन फोटो काढून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी टिकली डावीकडे सरकली होती का, बाही किती दुमडली होती, हे आठवणीवर सोडू नये. भिजणाऱ्या किंवा मळणाऱ्या कपड्याचा जोड ठेवावा. पावसाच्या दृश्यात तर तो लागतोच.

दुसरी वही देण्याघेण्याची. कुणाच्या घरून काय आणले, कोणत्या तारखेला, आधीच कुठे फाटले किंवा डागाळले होते का, आणि परत कधी दिले. घेतलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. हे सांगण्याचे कारण असे की आम्ही स्वतः पहिल्या दिवशी ते केले नाही. एका घरची जुनी रेशमी साडी चिखलाच्या दृश्यात कुणीतरी घेतली आणि काठाला कायमचा डाग पडला. साडी देणाऱ्या मामी काही बोलल्या नाहीत, पण ती त्यांच्या सासूबाईंची होती हे नंतर कळले. त्या दिवसापासून दोन ढीग केले. एक मातीत जाऊ शकणाऱ्या कपड्यांचा आणि एक फक्त ओसरीपर्यंत येणाऱ्यांचा. खरे सोन्याचे दागिने तर मुळीच वापरू नयेत. पडद्यावर खरे आणि खोटे सारखेच दिसते, पण हरवल्यावर सारखे नसते.

कपड्यांवरचा खर्च हाताबाहेर कसा जातो याचे मराठी माणसाला ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे गंधर्व नाटक मंडळी. १९१३ साली स्थापन झालेल्या या कंपनीत बालगंधर्वांच्या शालू-पैठण्या पाहायला लोक येत आणि बायका घरी तशी नेसण करून पाहत. त्या थाटाने रसिक तृप्त झाले, पण कंपनी कर्जातही बुडाली. मुलांच्या गाण्याला तो धोका नाही. तरीही काही विकत घेण्याआधी घर, मग शेजार, मग भाडे आणि शेवटी खरेदी, हा क्रम पाळावा.

आणखी एक गोष्ट मुलींच्या आयांसाठी. कपडे बदलण्याची जागा पहिल्या दिवशीच ठरवावी. शेताच्या कडेला आडोसा शोधत बसू नये. साडी किंवा कापड नेसवायला जाणती बाई सोबत असावी आणि कपडा अंगावर घातल्यावर नको वाटला तर नाही म्हणायचा शेवटचा हक्क घालणाऱ्या मुलीचा असावा. आमच्या मुलीने पदर पिनेने पक्का करून मागितला, कारण धावताना तिला सारखी भीती वाटत होती. पीन लावल्यावर ती नीट धावली.

परत करताना

चित्रण संपल्यावर कपडे घरोघर परत करायला मुलांनाच पाठवले, धुऊन आणि घड्या करून. त्यांना परत यायला दुपारचे तीन वाजले. प्रत्येक घरी कुणी ना कुणी त्यांना थांबवून त्या साडीची किंवा शर्टाची हकीगत सांगत होते. कोणत्या चतुर्थीला घेतली, कुणी आणली, कुणाच्या बारशाला पहिल्यांदा नेसली. ट्रकचालकाच्या त्या जुन्या शर्टाच्या मालकाने तर शर्ट परत घेतलाच नाही. मुलांकडेच राहू दे म्हणाले.

त्यावरून मंडळाने एक ठरवले आहे. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी जुन्या रोजच्या कपड्यांची एक पेटी मंडळाच्या खोलीत ठेवायची. ठेवणीतले शालू नकोत, ते घरीच सुरक्षित असतात. आम्हाला हवी आहेत घरात वापरलेली लुगडी, कामावरचे शर्ट, शाळेचे जुने गणवेश, बाजाराच्या पिशव्या, छत्र्या. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी द्यावी आणि तीत कुणी वापरले, साधारण कोणत्या साली आणि कोणत्या कामाला, एवढे तीन तपशील लिहावेत. नाव लिहायचे नसेल तर 'आजी' किंवा 'काका' लिहिले तरी चालेल. मुंबई-पुण्याकडच्या सभासदांनी गावी येताना पिशवीत एखादा कपडा घालून आणला तर पेटी लवकर भरेल.